चांदीतला रातवा



आवडत्या लेखकावरचं प्रेम दाखवायच्या आपल्या पद्धती ठरलेल्या आहेत. कपावर त्याची ओळ, टी-शर्टवर ओळ, मोबाइलच्या कव्हरवर ओळ, आणि आता हौसेनं चांदीच्या पदकावरही ओळ. प्रदर्शनांमध्ये अशी पदकं मी हातात घेऊन बघते. अक्षर सुरेख असतं, काम स्वच्छ असतं, पण दागिना म्हणून त्यात काही घडलेलं नसतं. कागदावरची ओळ पत्र्यावर आली, एवढंच. नुसता 'ळ' असलेलं पेंडंटही खूप दिसतं. ते गोड असतं, पण ते मुळाक्षर झालं, लेखक नव्हे. (आणि 'ळ'वर माझा जीव कमी आहे असं समजू नका. आमच्या सौंसरला शाळा हिंदी आणि घर मराठी. त्यामुळे हे अक्षर शाळेच्या फळ्यावर कधी भेटलं नाही, घरीच भेटलं.)

मग लेखकावरून दागिना घडवायचा तर त्याचं घ्यायचं काय? मी आठवडाभर नागपुरात कोड लिहिते आणि शनिवार-रविवार सौंसरला आले की एका सराफ काकांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून चांदी ठोकायला शिकते. या उद्योगात माझं एक मत तयार झालंय. लेखकाचं वाक्य सोडावं, त्याचा चेहराही सोडावा, आणि तो ज्या गोष्टीकडे टक लावून बघत बसला होता ती गोष्ट घ्यावी. पुढचं धातूला विचारावं.

याच्या उलट वाटेनं आपल्याकडे एक जण फार पूर्वी जाऊन आलेत. संत नरहरी सोनार, पंढरपूरचे. कडदोऱ्याची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. शंकराशिवाय दुसऱ्या देवाचं तोंड न पाहणारे नरहरी विठ्ठलाच्या कमरेसाठी कडदोरा घडवतात, माप अगदी बरोबर घेऊनही तो एकदा सैल होतो, एकदा आखूड होतो, आणि शेवटी डोळ्यांवरची पट्टी काढावी लागते. गोष्ट छान आहे. पण मला जास्त आवडतो तो त्यांचा अभंग, ज्यात अख्खं सोनाराचं दुकान मांडलेलं आहे. शरीर म्हणजे बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. तीन गुणांची मूस. विवेकाचा हातोडा, मनाची आणि बुद्धीची कातर, ज्ञानाचा ताजवा, आणि शेवटी खांद्यावर पोतडी टाकून माणूस पलीकडच्या काठाला. एवढ्या अवजारांच्या गर्दीत एकही तयार दागिना नाही! हाताखाली जे होतं त्याच्यातूनच त्यांनी लिहिलं.

म्हणून नरहरींवरून काही घडवायचं झालं तर मी विठ्ठल कोरणार नाही. मी ताजव्याची कानातली करीन. लहानशी पारडी, प्रत्येकी तीन बारीक साखळ्या, आणि अट अशी की दोन्ही कानांतलं वजन गुंजभरही कमी-जास्त चालणार नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तेव्हा गुंज झाली साधारण ०.१२ ग्रॅम. हे गणित डिजिटल काट्यावर दोन सेकंदांत होतं, पण काणस चालवताना तेवढाच कण कमी करायचा म्हणजे काय ते करून बघा.

बहिणाबाईंवरून सुगरणीच्या खोप्याची पेंडंट्स होतात, तीही मी पाहिली आहेत. बारीक तारेनं विणलेला खोपा सुरेखच दिसतो, कारण तार आणि गवत यांचा स्वभाव जुळतो. पक्षीनिरीक्षक लगेच सांगतील की प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. सांगू द्या. बहिणाबाई ज्या घरट्याकडे बघत होत्या ते घरटं खरं आहे.

आता माझ्या लेखकाकडे येते. मारुती चितमपल्ली.

पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला चितमपल्ली आपले वाटावेत याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, जिल्हा बदलला, सातपुड्याच्या उताराला मात्र यातलं काही कळलेलं नाही. पेंचचं जंगल दोन्ही राज्यांत आहे आणि त्यातल्या पक्ष्यांकडे रहिवासी दाखला नाही. चितमपल्लींनी नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथल्या जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य काढलं. त्यांच्या पुस्तकातला साग, मोह, पळस आणि आमच्या शेताच्या बांधावरचा पळस एकच.

पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. त्यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२चा, आणि घरची भाषा तेलुगू. मराठी ही त्यांनी बाहेरून उचललेली भाषा. ती उचलून त्यांनी तिच्यात भर किती घातली! जंगलातल्या आदिवासींकडून, गावच्या जाणकारांकडून त्यांनी शब्द गोळा केले, संस्कृत शिकून घेतलं, हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं, पक्षिकोश केला. जिथे शब्द नव्हता तिथे घडवला. कावळ्यांची वसाहत म्हणजे काकागार. बगळे जिथे एकत्र वीण घालतात ती जागा म्हणजे सारंगागार. हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा, तोंडात नाणं वाजल्यासारखं वाटतं. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

तेलुगू घरातला माणूस मराठीला शब्द देऊन जातो, आणि आमच्याकडे मराठी घरातली मुलं मराठी पुस्तक उघडतच नाहीत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझी भाची आठवीत आहे. घरी अस्सल आमच्याकडची मराठी बोलते, 'काहून', 'करून राह्यली' सगळं. वाचते मात्र हिंदी आणि इंग्रजी. लिपी तर एकच आहे, मग अडतं कुठे? अडतं असं की मराठी ही आजीशी बोलायची भाषा, पुस्तकाची नव्हे, हे तिच्या मनात आपोआप ठरून गेलंय. तिच्या वाढदिवसाला चितमपल्लींचं पुस्तक दिलं असतं तर ते कपाटात गेलं असतं. म्हणून आधी पदक घडवायचं ठरवलं.

'रातवा' नावाचं चितमपल्लींचं पुस्तकच आहे. रातवा म्हणजे तो पक्षी ज्याला इंग्रजीत नाइटजार म्हणतात. मोर, धनेश, सारस असे देखणे उमेदवार सोडून मी हा निवडला, कारण डिझाइनचा प्रश्न म्हणून तो सगळ्यात अवघड. रातव्याचं सगळं सौंदर्य न दिसण्यात आहे. दिवसभर तो जमिनीवर पाचोळ्यात बसून राहतो. राखाडी, तपकिरी, काळ्या रेघा, मध्येच फिकट ठिपके. डोळे मिटून फट एवढे बारीक करतो. पाय पडेपर्यंत तो तिथे आहे हे कळत नाही. घरटंही बांधत नाही, अंडी सरळ उघड्या जमिनीवर. चोच इवलीशी, पण तोंड उघडलं की केवढं तरी मोठं, कारण उडता उडता किडे पकडायचे असतात. आणि एक गंमत: त्याच्या पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दात असतात.

आता सांगा, जो दिसू नये म्हणून जन्माला आलाय त्याचा दागिना करायचा कसा? दागिना तर दिसण्यासाठीच असतो!

सुरुवातीला मी संगणकावर मॉडेल केलं. पीस अन् पीस. स्क्रीनवर फार छान दिसत होतं, आणि तेच खटकत होतं. प्रत्येक पीस सारख्या खोलीचं, प्रत्येक रेघ सारख्या जाडीची. ते मॉडेल मी फक्त मापापुरतं ठेवलं: लांबी ३६ मिलिमीटर, रुंदी १८, लंबगोल, पत्रा ०.८ मिलिमीटर. ९२.५ टक्के चांदीची घनता १०.३६ धरली तर वजन येतं साधारण सव्वाचार ग्रॅम. आठवीतल्या मुलीच्या गळ्याला एवढं पुरे.

काम करायची पद्धत काकांनी सुचवली आणि ती आपल्या देवघरातलीच निघाली. देवाचे टाक बघितलेत ना? खंडोबाचे, कुलदेवीचे, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावात काढलेले. तीच रीत. लाखेच्या गादीवर पत्रा चिकटवायचा, मागून ठोके देत फुगवटा काढायचा, मग उलटा करून पुढून रेघा मारायच्या. ठोकता ठोकता चांदी ताठ होत जाते, मग तिला ताव द्यायचा, मंद लाल दिसली की थांबायचं, आणि पुन्हा गादीवर. ताव द्यायला उशीर केला तर पत्रा चिरतो. एका रातव्याला असे पाच ताव लागले. त्याआधी दोन रातवे तांब्याच्या पत्र्यात काढले, कारण चांदी आता सरावासाठी वापरावी इतकी स्वस्त राहिलेली नाही. तुम्हाला करून बघायचं असेल तर तुम्हीही तांब्यापासूनच सुरू करा.

समोरून बघितलं तर वाळकं पान दिसावं, असं ठरवलं. एका टोकाला देठासारखी निमुळती शेपटी. पंखांच्या रेघा पानाच्या शिरांसारख्या, पण मुद्दाम वाकड्यातिकड्या. डोळा म्हणजे फक्त एक तिरपी चीर. पान पान म्हणून बघत असताना ती चीर दिसली की मग एकदम पक्षी दिसतो. साखळी ओवायची कडी आहे तिला मी त्रिकोणी काणशीनं बारीक दात पाडले, त्या नखाच्या कंगव्याची आठवण म्हणून. कडी झाळायच्या आधी काकांनी ती भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली. बोलले काही नाहीत, म्हणजे आवडली असावी.

भांडण झालं ते रंगावरून. मी म्हटलं, आता हिला काळी करायची.

"काहून वं, चांगली चांदी काळी करून राह्यली?"

"काका, पक्षीच तसा आहे."

"मंग तांब्याचाच घाल ना गळ्यात. सस्तात होईन."

त्यांचंही बरोबर आहे. गिऱ्हाईक चांदी घेतं ती चकाकते म्हणून. काळी पडली तर दुकानदाराचा कस काढला जातो. आपल्या घरांमध्येही चांदी काळी दिसली की रिठ्याचं पाणी तयार! पण हा काळेपणा म्हणजे चांदीवर गंधकाचा चढलेला थर असतो, आणि तो हवा तिथे ठेवता येतो, नको तिथून काढता येतो. घरी करायची सोपी युक्ती म्हणजे उकडलेलं अंडं. ते कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, शेजारी चांदी, अंड्याला टेकू द्यायची नाही. अंड्यातून निघणारा गंधकाचा वायू काही तासांत चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी करतो. रातव्यासाठी मी तपकिरीवरच थांबवलं, कारण पाचोळा काळा नसतो. मग बोटाला कापड गुंडाळून फक्त उंचवटे हलके घासले. खोलगट रेघा गडद राहिल्या, वरच्या कडा फिक्या झाल्या. घरात अंडं चालत नसेल तर गंधकाचं तयार औषध बाजारात मिळतं, पण त्याला खिडकी उघडी हवी आणि शेजारी समजूतदार हवेत.

आईला मात्र निक्षून सांगावं लागलंय की दिवाळीच्या घासाघाशीत हे पदक घ्यायचं नाही. चकचकीत रातवा म्हणजे भर दुपारी टॉर्च लावून फिरणारा चोर.

मागच्या बाजूला एकच शब्द कोरला: रातवा. लेखकाचं नाव नाही, पुस्तकातली ओळ नाही. याला एक व्यवहाराची बाजूही आहे, आणि आपल्यातले जे कोणी असे दागिने करून विकायचा विचार करत असतील त्यांनी ती लक्षात घ्यावी. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांची मुदत संपून गेली आहे. चितमपल्लींची संपेल २०८५च्या शेवटी. तोपर्यंत त्यांचं वाक्य पदकावर कोरून विकायचं तर परवानगी घ्यायला हवी. ती कोरणारे कितीजण घेतात, हा प्रश्न विचारून मी मैफलीचा रंग बिघडवत नाही. पण रातवा हा पक्षी कुणाच्या मालकीचा नाही, आणि त्याचं नावही नाही.

तांब्याचे दोन सरावाचे रातवे काकांनी काउंटरवर काचेखाली ठेवून घेतले. एका शनिवारी जोडवी बदलायला आलेल्या बाईंबरोबर त्यांचे मालक होते, रामाकोनाकडचे शेतकरी. ते काचेवर वाकले आणि म्हणाले, "हा तं रोज दिसते. रातच्याला रस्त्यावर बसून राह्यते. गाडीचा लाइट पडला का डोळे लाल चमकतेत. पार जवळ गेलं का उडते." मी विचारलं, याला तुमच्याकडे म्हणतात काय? ते जरा थांबले, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाव काही माहीत नाही बाई. पक्षी माहीत आहे."

काकांनी त्यांना नाव सांगितलं. मी नाही, काकांनी.

मला त्या क्षणी वाटलं ते असं: आमच्या भागात पक्षी आहे, त्याला रोज बघणारा माणूस आहे, मराठी आहे, आणि तरी शब्द मधल्या मधे कुठेतरी गळून पडलाय. तो परत आणायला कुणी सभा भरवणार नाही. सोनाराच्या काउंटरवर पाच रुपयांच्या तांब्याच्या तुकड्यामुळे तो एका शेतकऱ्याकडे गेला. तो पुढे कुणाला सांगेल का, काय माहीत. पण घरी जाताना त्या रस्त्यावर रातवा बसलेला असणार, एवढं नक्की.

भाचीचं म्हणाल तर पदक तिला आवडलं, पण पहिले चार दिवस तिला त्यात पक्षी दिसलाच नाही. पान समजून घालत होती. मी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी वर्गातल्या एका मैत्रिणीला डोळा दिसला आणि मग फोन आला, "मावशी, हे पान नाहीये!" मागचा शब्द तिनं वाचलेलाच होता, मात्र ते दुकानाचं नाव असावं असा तिचा समज होता. पुस्तक मी लगेच दिलं नाही. तिनं मागितलं तेव्हा नागपूरहून नेलं. आता ती ते वाचते, हळू, बोट ठेवून, आणि जोडाक्षरापेक्षा जास्त वेळा 'ळ'वर अडखळते. बोलताना कधी अडखळत नाही, वाचताना अडखळते! पंधरा पानं झालीत. सगळं वाचेल असा माझा दावा नाही.

तिनंच आता पुढची ऑर्डर दिली आहे. सारंगागार हवंय, अख्खं. एक झाड आणि त्यावर बगळ्यांची घरटी. हे पत्र्यात होणार नाही, फांद्या चारी बाजूंनी हव्यात, म्हणजे ओतकाम आलं. आमच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात भरेवा कारागीर आहेत, ते पिढ्यान्पिढ्या हेच करत आले आहेत. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक वळ्या चढवून आकार घडवायचा, वर पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू हाती येत नाही, म्हणून दुसरी तशीच कधी होत नाही. मेणाच्या त्या वळ्यांच्या फांद्या व्हायला मला काही अडचण दिसत नाही. बगळ्यांच्या पायांचं मात्र कठीण आहे, एवढ्या बारीक जागेत पितळ पोचायला हवं.

काकांना चित्र दाखवलं तर ते म्हणाले, झाड पितळेचं होऊ दे, बगळे चांदीचे कर, वरून झाळून देतो. आणि या वेळी काळे करायचे नाहीत.